गिरडच्या टेकडीवरचे खडे

तुर्की मालिका पाहून घरातली मुले हट्ट धरून बसली आहेत: तुर्कस्तानला जाऊ, होडीतून बेटे पाहू, डोंगर चढू. तिथे फेथियेपासून अंतालियापर्यंत समुद्राच्या कडेने पाचशे किलोमीटरहून लांब पायवाट आहे, १९९९ मध्ये आखलेली, हे आम्हीच त्यांना सांगून बसलो होतो. पैसा कुठून आणायचा? मग एका रविवारी फजर आटोपून डबे भरले आणि समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला निघालो. नावात तरी समुद्र आहे, असे धाकटा म्हणाला!

टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा. अम्मींचे गुडघे दुखतात. थोडे चढायचे, बसायचे. बसलो म्हणूनच खडे दिसले, सुपारीएवढे, गोलसर. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही लोककथा अम्मींनी सांगितली. थोरलीने भूगोल काढला: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातले वायूचे बुडबुडे, त्या पोकळ्यांत पाण्यातून साठलेले झिओलाइटचे स्फटिक, खडक झिजला की गोळे सुटतात. आम्ही दोघींनाही टोकले नाही.

वाद झाला तो खिशांवरून. मुलांनी मूठमूठ खडे भरले होते. इथे हिंदू येतात, मुसलमान येतात. प्रत्येकाने मूठभर नेले तर?

"बेटा, अमानत आहे ही. जागच्या जागी ठेव," अम्मी म्हणाल्या.

खिसे रिकामे झाले. धाकट्याच्या मोज्यातला एक खडा मात्र घरी आल्यावर सापडला. तो परत ठेवायला पुढच्या महिन्यात पुन्हा गिरड.