बाजार केवढा, हे कोण ठरवतं?

केळशीच्या आंबा बागायतदाराला विचारा, तुमचा बाजार कोणता? तो म्हणेल, वाशी. अर्थशास्त्रज्ञ तिथे थांबत नाही. समजा, वाशीतला सगळा हापूस एकाच व्यापाऱ्याच्या हातात गेला आणि त्याने भाव ५ ते १० टक्क्यांनी वाढवून तसाच ठेवला. गिऱ्हाईक केसर किंवा पायरीकडे वळेल का? पुरेशी गिऱ्हाइकं वळली, तर बाजार ‘आंब्याचा’ आणि हा व्यापारी त्यातला एक. नाही वळली, तर बाजार फक्त ‘हापूसचा’ आणि हा त्याचा मालक. माणूस तोच, माल तोच. बाजाराची व्याख्या बदलली की निकाल बदलतो.

स्पर्धा कायद्याच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून बोलावलेला अर्थशास्त्रज्ञ हेच तपासतो. भाव, विक्री, ग्राहक कुठून कुठे गेले याचे आकडे घेऊन तो सांगतो: बाजार केवढा, त्यात कुणाची ताकद किती आणि त्या ताकदीमुळे नुकसान झालं का.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. २००८ साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने चलन वायद्यांचे व्यवहार सुरू केले आणि त्यावर शुल्कच घेतलं नाही. त्याच धंद्यात नव्याने आलेल्या एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजने तक्रार केली. फुकट सेवा म्हणजे ग्राहकाचा फायदा, की प्रतिस्पर्ध्याला संपवण्याचा डाव? हा बाजार वेगळा मानायचा का? भारतीय स्पर्धा आयोगाने बहुमताने तो वेगळा मानला आणि जून २०११ मध्ये ५५.५ कोटी रुपयांचा दंड लावला. दोन सदस्यांनी मात्र विरोधी मत नोंदवलं. म्हणजे समोर तेच आकडे असूनही जाणकारांचे निष्कर्ष वेगळे निघू शकतात.

आता या साक्षीचं वजन वाढलं आहे. २०२३ च्या दुरुस्तीने पक्षकारांना अर्थशास्त्रातल्या तज्ज्ञांचं मत मांडण्याची स्पष्ट मुभा दिली. मे २०२५ मध्ये शॉट ग्लास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्चस्वाचा गैरवापर ठरवताना बाजारावर झालेला परिणाम तपासलाच पाहिजे.

तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पुराव्याशिवाय शिक्षा नको. पण परिणाम सिद्ध करायचा तर आकडे हवेत, आणि ते बहुधा बड्या कंपनीकडेच असतात. तिला नामवंत अर्थशास्त्रज्ञांची फीही परवडते. छोट्या तक्रारदाराकडे काय असतं? अनुभव, चार बिलं आणि राग. गूगलच्या अँड्रॉइडविरुद्ध २०१८ मध्ये उमर जावेद आणि इतर दोघांनी तक्रार केली; २०२२ मध्ये आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. तीन व्यक्तींच्या अर्जातून हे घडू शकलं, कारण पुढचा तपास सरकारी यंत्रणेने केला.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. कायद्याच्या कलम ३६ नुसार आयोगाला स्वतः तज्ज्ञ बोलावता येतात. तक्रारदार दुबळा असेल तिथे हा अधिकार आवर्जून वापरावा. दुसरं, तज्ज्ञाच्या अहवालामागचे आकडे आणि गणित, व्यापारी गुपितं जपून, समोरच्या पक्षाला तपासू द्यावं. मी सॉफ्टवेअर लिहितो. पगार कंपनी देते, म्हणून चाचणीत नापास झालेला कोड पास होत नाही. फी घेणाऱ्या तज्ज्ञालाही हाच नियम लागू हवा.

आणि तरुण दोस्तांनो, आपल्या घरांत हुशार मुलासमोर इंजिनिअरिंग आणि मेडिकल हे दोनच रस्ते ठेवले जातात. ज्याला संख्याशास्त्र आवडतं, त्याने अर्थशास्त्राकडेही बघावं. आयोगाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. एखादा उघडा आणि आधी एवढंच शोधा: इथे बाजार केवढा धरला आहे, आणि का?