पथ्याचा जमाखर्च

पथ्य म्हटले की आपल्याकडे घरातील एका माणसाचे ताट वेगळे होते. इतरांच्या ताटात मटणाचा रस्सा आणि त्याच्या ताटात बिनतेलाचा दोडका! माझ्या बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. म्हणूनच खिम्याच्या भाजलेल्या गोळ्यांवर लिहिण्याचे धाडस करीत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघरात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. पण हिशेब हा तर आमचाच विषय!

खिमा बांधून यावा म्हणून त्यात पाव किंवा पुठाण्याचे पीठ घालून गोळे तळायचे, ही रूढ पद्धत. कर्बोदके कमी करायची तर पाव वगळावा. पण पाव नुसता गोळा बांधीत नाही, मांसाचा रसही धरून ठेवतो. तेव्हा अर्धा किलो खिमा थोडी चरबी असलेला घ्यावा आणि मीठ घालून चिकट होईपर्यंत मळावा. मिठाने मांसातील प्रथिने सुटतात व तीच गोळा बांधतात. मग एक अंडे, बारीक चिरलेला एक कांदा, आले-लसूण, मिरची, कोथिंबीर व गरम मसाला घालावा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून वीस गोळे वळावेत आणि २०० अंश सेल्सिअसवर तापविलेल्या ओव्हनमध्ये २० ते २५ मिनिटे भाजावेत. आत गुलाबी राहता कामा नये. ओव्हन नसल्यास कन्नड घरांतील पड्डूचा तवा, म्हणजे आपले आप्पेपात्र, आहेच. थेंब-थेंब तेल, वर झाकण आणि मंद आच, एवढे पुरते.

आता हिशेब पाहू. पावाच्या दोन स्लाइसमध्ये सुमारे २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात. पाच माणसांत वाटली तर प्रत्येकी पाच-सहा ग्रॅम वाचली. उलट दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात चाळीस ग्रॅमच्या आसपास असतात. ज्वारीची भाकरी पौष्टिक खरी, पण कर्बोदके तिच्यातही आहेतच. म्हणजे गोळ्यातला पाव काढून शेजारी भाताचा ढीग तसाच ठेवणे म्हणजे किरकोळ खर्चात काटकसर करून मोठा खर्च वहीत न लिहिण्यासारखे आहे. असा ताळेबंद आमचे प्राध्यापक तरी मान्य करणार नाहीत!

मग या गोळ्यांचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग हा की ते साऱ्या घराला आवडतात. सोबत काकडीची कोशिंबीर, पालक आणि ताक असले, की भात सर्वांनीच कमी घेता येतो. अर्थात हे औषध नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने एकाएकी भात-भाकरी कमी केल्यास रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

आणखी एक खर्च आपण कधीच मांडत नाही. एका घरात दोन स्वयंपाक करताना आईची जी मेहनत होते, ती कोणत्या खात्यात लिहायची? मित्रहो, ‘लो-कार्ब’ची चर्चा आपण कॅन्टीनमध्ये तावातावाने करतो. त्यापेक्षा येत्या रविवारी खिमा आपणच मळू या. मळायला बळ लागते, आणि ते विशीत असते!