टाळ्या आधी की गाणं आधी?

बालमित्रांनो,

परवा मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात चांगलंच भांडण जुंपलं. "ज्याची गाणी जास्त लोक ऐकतात तोच भारी!" असं एकाचं म्हणणं. "छे! समोर उभं राहून जो चांगला गातो तो खरा!" दुसऱ्याचं उत्तर. शेवटी दोघं माझ्याकडे आले. "बाई, तुम्हीच सांगा!"

मी त्यांना दोन जुन्या रॉक बँडची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

पहिला बँड बीटल्स. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल गावचे चार तरुण. लोकप्रियता केवढी? १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला ५५,०००हून जास्त लोक जमले! पण ऐकलं किती जणांनी? किंकाळ्याच इतक्या, की गाणं त्यात बुडून गेलं. वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून हल्ली स्टेजवर त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर असतात. तेव्हा तेही नव्हते. ड्रम वाजवणारा रिंगो स्टार पुढच्यांच्या हालचाली बघून गाणं कुठवर आलंय ते ओळखायचा! अशा गोंगाटात वाजवण्यातली गंमतच गेली. २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले. पुढे रेकॉर्डिंग स्टुडिओत मात्र एकाहून एक सरस गाणी केली.

दुसरा बँड अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा, ग्रेटफुल डेड. अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांच्या यादीत त्यांचं एकच गाणं पोचलं, तेही १९८७ साली. पण १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी २,३००च्या वर कार्यक्रम केले! रोज गाणी वेगळी, वाजवणं वेगळं. म्हणून तेच तेच श्रोते पुन्हा पुन्हा यायचे. १९८४पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच ठेवलेली असे.

मग भारी कोण? अहो, वजन आणि उंची एकाच फूटपट्टीनं कशी मोजणार?

पण ही गोष्ट सांगताना मला आमचं मागचं गॅदरिंग आठवलं. आमच्या वर्गातली एक मुलगी गायला उभी राहिली. पहिल्या ओळीपासून आम्ही टाळ्या, शिट्ट्या, तिच्या नावाचा गजर! तिचा ताल चुकला. खाली आली तेव्हा डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाई, मला तबला ऐकूच आला नाही हो." खरं सांगू? त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

यंदा आमच्या वर्गानं ठरवलंय. गाणं संपेपर्यंत कान उघडे, हात गप्प. आणि मग टाळ्या अशा, की छप्पर उडालं पाहिजे!

तुमचं काय? आईबाबांनाही विचारा हं.

तुमच्या,
बाई