आठवणीतले गाव कुणाचे?

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या मातीचा अभिमान कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो खरे, पण म्हणताना छाती थोडी फुगतेच. त्यातून माणूस गाव सोडून पुण्या-मुंबईला गेला की हा अभिमान दुप्पट होतो. दिवाळी अंकांतून आणि आपल्यासारख्या वार्षिकांतून ‘माझे गाव’, ‘हरवलेले दिवस’ अशा मथळ्यांचे लेख येत असतात. त्यांत गोदावरीचा घाट असतो, पारावरच्या गप्पा असतात, आठवडी बाजारातली गुडीशेव असते, परभणीच्या उरुसातला आकाशपाळणा असतो. आणि शेवटी एक सुस्कारा असतो : ‘आता ते गाव राहिले नाही!’

हे लेख मी आवडीने वाचते. त्यांतले प्रेम खोटे नाही. पण वाचता वाचता एक प्रश्न मनात येतो आणि तो मी माझ्या मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे मांडू इच्छिते. या आठवणी कुणाच्या आहेत? त्याच गावात, त्याच दिवसांत राहणाऱ्या बायकांना विचारले तर त्या हेच गाव सांगतील काय?

माझ्या गावाचेच उदाहरण घेते. पूर्णा हे रेल्वेने वाढवलेले गाव. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड अशी मीटरगेज गाडी सुरू झाली. पुढे हिंगोलीकडे फाटा फुटला आणि पूर्णा जंक्शन झाले. लोको शेड आली, रेल्वेची वसाहत उभी राहिली. मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबे एका ओळीतल्या क्वार्टरांमध्ये राहू लागली. माझे आजोबा कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. त्यांच्या तोंडून मीनाक्षी एक्सप्रेसचे नाव ऐकावे! पूर्णेवरून अकोला-खंडव्याच्या वाटेने ती मीटरगेज गाडी पार राजस्थानात जाई. संध्याकाळी फलाटावर फेरी मारायची, ओळखीच्या गार्डाशी दोन शब्द बोलायचे, चहा घ्यायचा आणि कोणती गाडी किती उशिरा आहे यावर वाद घालायचा, हे त्यांचे सुख. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, २००८ साली अकोल्याचा मार्गही बदलला. कोळशाची इंजिने गेली, अनेक क्वार्टर ओस पडले. आजोबा म्हणतात, ‘गाव मेले.’

आजी मात्र असे कधी म्हणत नाही. एकदा मी तिला मुद्दाम विचारले, की तुला फलाट आठवतो का? ती म्हणाली, ‘सामान अन् लेकरं सांभाळून गाडीत चढायपुरता आठवतो.’ तिच्या आठवणीतली रेल्वे निराळी आहे. रात्री दोन वाजता कॉलबॉय दारावर थाप मारी. आजोबांना ड्यूटीवर बोलावणे आलेले असे. मग आजीने उठायचे, स्टोव्ह पेटवायचा, भाकरी थापायच्या, डबा भरायचा. ते परत आले म्हणजे कोळशाने काळे झालेले कपडे सोड्यात भिजवून बडवायचे. एकच रेल्वे, एकच घर. पण एकाच्या वाट्याला आली शिट्टी आणि दुसऱ्याच्या वाट्याला काजळी. आजोबांचे सांगणे खरे आहे, आजीचेही खरे आहे. छापून मात्र पहिलेच येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुरुषाच्या आयुष्यात गाव सुटणे ही एक घटना असते. नोकरीसाठी, शिक्षणासाठी तो बाहेर पडतो, म्हणून त्याला त्यावर लेख लिहावासा वाटतो. आपल्याकडे बाईचे गाव सुटणे हा मात्र नियमच होता, आणि पुष्कळ अंशी अजूनही आहे. लग्न झाले की अंगण, मैत्रिणी, नदी, सारे एका दिवसात मागे पडते. तिच्या या दुःखाला आपण ‘माहेरची ओढ’ असे गोड नाव देऊन मोकळे झालो. वास्तविक मराठीतले गावाच्या आठवणींचे सर्वांत मोठे भांडार तिनेच निर्माण केले आहे, आणि ते जात्यावरच्या ओव्यांत आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. या ओव्यांत भाऊ आहे, आई आहे, माहेरची वाट आहे. त्याचबरोबर सासरचा जाच आहे, बाईच्या जन्माबद्दलची तक्रारही आहे.

खरे म्हणजे ही परंपरा आपल्याच जिल्ह्यातून सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही. जनाबाई गंगाखेडची. पोरवयात गाव सुटले आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून ती राबली. तिच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, शेणी वेचणे आहे. विठ्ठलालाही तिने जात्याला हात लावायला बोलावले. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईने कष्ट झाकून ठेवून देव गायिला नाही. आणि आपण मात्र गावाच्या आठवणी लिहिताना आईच्या ओवीची गोडी तेवढी लिहितो. ती ओवी म्हणायला तिला पहाटे किती वाजता उठावे लागे, ते लिहीत नाही.

कुणी म्हणेल, की आठवण म्हणजे काही कोर्टातली साक्ष नव्हे; माणसाला थोडे गोड आठवू द्या की! मला हे मान्य आहे. पण गोड आठवणींवरून जेव्हा निकाल दिला जातो, तेव्हा बोलावे लागते. ‘पूर्वीचे गाव चांगले होते, आता बिघडले’ हा निकालच आहे. माझी आई पालम तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. मामाला सायकल मिळाली, आईला मिळाली नाही. मामा आज पुण्याला असतो आणि त्या सायकलच्या रस्त्याची आठवण काढून हळवा होतो. आईला तो रस्ता फक्त दारातून दिसत असे. आज त्याच भागातल्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेचा पास घेऊन एस. टी. ने, मानव विकासच्या निळ्या बसने शाळेला जातात. मी स्वतः रोज पूर्णा ते परभणी रेल्वेने ये-जा करून या महाविद्यालयात शिकते. मीनाक्षी एक्सप्रेसचे दिवस गेले याची हळहळ मला वाटते, पण त्या दिवसांत मी फलाटावर एकटी उभी राहू शकले नसते, हेही मला ठाऊक आहे.

याचा अर्थ गाव आता बायकांसाठी नंदनवन झाले आहे असा नाही. संध्याकाळच्या गाडीला उशीर झाला तर आमच्या घरी अजूनही तीन तीन फोन येतात, आणि तेच फोन माझ्या भावाला येत नाहीत. गेले ते सारे वाईटच होते असेही मी म्हणत नाही. रेल्वे वसाहतीत चार भाषांची घरे एका नळावर पाणी भरत, सणाच्या ताटांची देवघेव करीत. ती शेजारधर्माची रीत मोडली तर ते नुकसान सर्वांचेच आहे. आजीलाही त्याचे वाईट वाटते. दोघांच्या आठवणी जिथे जुळतात, तिथे काय टिकवायचे ते कळते. जिथे जुळत नाहीत, तिथे काय बदलायचे राहिले आहे ते कळते. म्हणून मला दोन्ही हव्यात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आई आहे, पुष्कळांच्या घरी आजी आहे. येत्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. तुझे गाव कोणते, असे विचारावे. ती बहुधा आधी माहेरचे नाव सांगेल. त्या गावात तू कुठपर्यंत एकटी जाऊ शकत होतीस? शाळा का सुटली? गाव सुटले त्या दिवशी काय काय मागे राहिले? एवढेच चार प्रश्न पुरेत. उत्तरे तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहावीत, शुद्धलेखनासाठी त्यांना इस्त्री करू नये. पुढल्या वर्षीच्या वार्षिकात संपादकांनी त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी माझी विनंती आहे. आजीची दोन पाने मी आताच लिहून ठेवली आहेत.