सोंगाची बाजू

१९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर बहरलेल्या ग्लॅम मेटलचा मृत्युलेख आता पाठ झाला आहे. फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, अंगावर चामडे, आत पोकळी. १९९१ साली निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला, प्रामाणिकपणा जिंकला आणि सोंग संपले. नीतिकथा म्हणून हे ठीक आहे. समीक्षा म्हणून ते चूक आहे.

चूक अशासाठी, की येथे प्रयोगाचा निवाडा संहितेवरून होतो. संहिता म्हणजे नाटक नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. बालगंधर्वांचे शालू ‘वरवरचे’ होते असे म्हणायला आपली जीभ धजत नाही. मग काजळ घातलेला गायक तेवढा लबाड कसा?

१९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे रॉकगीतांतील शब्दांवरून सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर यालाही तेथे आपल्या गीतांचे अर्थच उलगडून सांगावे लागले. गाणे म्हणजे कागदावरचे शब्द, याबाबत सेनेटर आणि समीक्षक यांचे एकमत दिसते.

वास्तविक या गाण्यांचे ध्रुवपद मुद्दाम तोकडे असते. मोजके शब्द, अनेक कंठांतून एकदम उठणारे; दुसऱ्या खेपेला श्रोत्याने सामील व्हावे अशी त्यांची घडण. कागदावर जे दारिद्र्य वाटते ती समूहासाठी राखलेली जागा असते. ऑगस्ट १९८९मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये बॉन जोव्ही, मॉट्ली क्रू, सिंड्रेला, स्किड रो गायले, तेव्हा इंग्रजी शब्द किती जणांना कळले हा प्रश्न गौण होता.

आणि थरार? मॉट्ली क्रूच्या १९८७च्या दौऱ्यात टॉमी लीचा ड्रमसंच पिंजऱ्यासह गोल फिरे आणि तो डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत वाजवत राही. येथे रोमांच धोक्याचा नाही, धोक्यावरच्या हुकमतीचा आहे. ही हुकमत सुटली की काय होते, हे २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबात दिसले. ग्रेट व्हाइटच्या कार्यक्रमातील आतषबाजीने भिंतीवरच्या ज्वालाग्राही फोमने पेट घेतला आणि १०० माणसे मेली. तेथे दोष सोंगाचा नव्हता. सोंगामागे जी कठोर शिस्त लागते, तिच्या अभावाचा होता.

या संगीतातील स्त्रीप्रतिमा बहुतांशी हीन होती. त्यावर जरूर आसूड ओढावा. पण तो आक्षेप आशयावरचा आहे. काजळ आणि केस हा त्याचा पुरावा नव्हे. उलट, पुरुषांनी उघड नटावे हीच त्यातली सर्वांत धीट गोष्ट होती.

फाटका स्वेटर हाही अखेर वेशच. ज्या समीक्षेला एक वेश दिसतो आणि दुसरा दिसत नाही, तिने प्रामाणिकपणाची प्रमाणपत्रे वाटणे थांबवावे आणि आधी प्रयोग पाहायला शिकावे.