लेणी पाहा, ताटही पाहा



उन्हाळ्याची सुट्टी असो की दिवाळीची, आपल्या वस्तीत 'फिरायला जाणे' अजून चैनीतच मोजले जाते. मोंढ्यात पोती उचलणारा भाऊ असो की चार घरची धुणीभांडी करणारी ताई, दोघांचे उत्तर एकच. 'फिरायला आपण काय साहेबलोक आहोत?' लग्नाला, मयतीला, दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला आपण जातो. ते जायलाच हवे. पण केवळ नवे गाव पाहावे, तिथली चव घ्यावी म्हणून मुलाबाळांना घेऊन निघणारी घरे किती? सरकारी नोकराला महाराष्ट्र दर्शनाची रजा प्रवास सवलत असते, तीसुद्धा आमच्या कचेरीत पुष्कळांची वाया जाते.

मला मात्र ही चैन वाटत नाही. चार लोकांत जाऊन पाहणे आणि चार लोकांत बसून खाणे, हे दोन्ही हक्क आपल्याला फार उशिरा आणि फार झगडून मिळालेले आहेत. मिळालेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

सन १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले होते. सुमारे तीस जण होते. नाशिकहून बसने वेरूळची बौद्ध लेणी पाहायला चालले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले, म्हणून दरवाजाजवळच्या तळ्यावर काहींनी हातपाय धुतले. एवढ्यावरून 'तळे बाटवले' असा ओरडा झाला, स्थानिक मुसलमानांची गर्दी जमली आणि शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. का, तर कोणी आतल्या पाण्याला हात लावू नये! महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. जातीचा रोग एकाच धर्मापुरता राहिलेला नव्हता, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवला. सहलीला जाऊन पाण्याला हात लावणे ही आपल्या बाबतीत केवढी मोठी गोष्ट होती, हे मुलांना पुस्तकातून कळेल. पण त्या दरवाजात उभे करून सांगितले तर जन्मभर लक्षात राहील.

आपल्या जिल्ह्यातून ही वाट काही फार लांबची नाही. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, कुठूनही रेल्वेत बसा, जालन्यावरून गाडी छत्रपती संभाजीनगरला नेते. तिथून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर, आणि दौलताबाद वाटेवरच. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. लेण्यांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. शहरात वेळ उरला तर विद्यापीठामागची बुद्ध लेणी आणि नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय चुकवू नका. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाने मराठवाड्यातली किती घरे उजेडात आणली, ते वडीलधाऱ्यांना विचारा.

वेरूळला एकूण ३४ लेणी. त्यातली १ ते १२ बौद्ध, पुढची १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. बहुतेक लोक थेट सोळाव्या कैलास लेण्याकडे धावतात. कैलास पाहावेच, कारण अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणणाऱ्या हातांची ती करामत आहे. दहावे लेणे तर लाकडी छतासारख्या दगडी फासळ्यांमुळे 'सुतार की झोपडी' म्हणून ओळखले जाते. पण माझी विनंती अशी की पाचव्या लेण्यात निवांत बसा. त्याचे चालत आलेले नाव आहे 'महारवाडा'! शंभर फुटांहून लांब असे ते दालन. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडात कोरलेले दोन बुटके, लांबलचक बाक. असेच बाक मुंबईजवळ कान्हेरीच्या अकराव्या लेण्यातही आहेत. भिक्खू इथे ओळीने बसून जेवत किंवा पठण करीत असावेत, असे अभ्यासक सांगतात.

त्या बाकांकडे पाहताना पंगत आठवते. संघात बसण्याचा मान जातीवर नव्हता, दीक्षा आधी कोणी घेतली यावर होता. न्हावी कुळातले उपाली शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षित झाले, म्हणून राजपुत्रांनी त्यांना वंदन केले. आपल्या आईवडिलांनी गावच्या पंगतीत शेवटी, लांब, उष्टे निघेपर्यंत वाट पाहत बसण्याचे दिवस काढले. हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः विसळून चहा प्यायले. त्यांच्या नातवंडांनी त्या दालनात उभे राहावे, यापेक्षा मोठी सहल कोणती?

लेणी झाली, आता ताट. त्या शहराचा जुना पदार्थ म्हणजे नान-खलिया. तंदुरातली मऊ, पिवळसर नान आणि वर लाल तर्री आलेला मटणाचा मसालेदार रस्सा. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेसाठी मोठमोठ्या देगांत शिजणारे हे जेवण इथे आले, असे सांगतात. म्हणजे हे मूळचे शिपायांचे खाणे. ज्या दौलताबादेत १९३४ मध्ये पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच मुलखात आज एका बाकावर शेजारी शेजारी बसून आपण नान मोडतो. दुसऱ्याच्या घरची चव घेतल्याशिवाय दुसरा माणूस कळत नाही.

दुसऱ्याचे खाणे आपण चाखतो, मग आपल्या खाण्याचे काय? या बाबतीत युरोपातल्या आयर्लंडकडे पाहण्यासारखे आहे. शेकडो वर्षे तिथे इंग्रजांचा अंमल होता. जमीन जमीनदाराची, कुळाच्या वाट्याला बटाटा. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून पिके बुडाली, सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. आज त्या देशात पाहुणा गेला की त्याला काय वाढतात? आयरिश स्ट्यू, म्हणजे मटण, बटाटे, कांदे एकाच भांड्यात शिजवलेला रस्सा. कोलकॅनन, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात कोबी आणि लोणी. ताक आणि खायचा सोडा घालून भाजलेला पाव. कॉर्क नावाच्या शहरात तर रक्ताची 'ड्रिशीन' आणि वजडी हा गरिबांचा जुना पदार्थ. आपल्याकडे रक्ती आणि वजडीचे नाव काढले की नाक मुरडतात. तिथे मात्र आपली परंपरा म्हणून तो पदार्थ सांगतात.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, मग हे कौतुक कशाला? ते सोडले ते योग्यच केले. ते लाचारीचे होते. पण लाचारी टाकताना आपण आपल्या आयांचे कसबही टाकून दिले. तुटपुंज्या सामानात चव आणण्याची त्यांची विद्या कुठल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात आली? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले आणि मराठवाड्यातल्या आपल्या घरांचे जेवण त्यात नोंदवले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. नावातच सगळे आले. ज्यात आपले ताट नाही ते पूर्णब्रह्म कसे?

मी अनेकदा पाहिले आहे, सहलीत आपल्या बायका भाकरीचे गाठोडे सोडतात ते इतरांकडे पाठ करून. हे बंद करा. परभणीची ज्वारी साधीसुधी नाही, आपल्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी मोती' वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. भाकरी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, येसर, धपाटे, जे असेल ते उघडे मांडा. शेजारच्याला 'घ्या ना' म्हणा. त्याने दिले तर आपणही घ्या.

हिशेबाचे म्हणाल तर एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच घरे मिळून निघा. महिला मंडळाने वहीत आठवड्याची वर्गणी लिहावी, दर महिन्याला बेरीज सर्वांसमोर वाचावी, वर्षाने सहल निघते. घरचे एक जेवण बरोबर न्या आणि एक जेवण तिथले घ्या. परत आल्यावर मुलांकडून वहीच्या दोन पानांवर काय पाहिले, काय खाल्ले ते लिहून घ्या. आणि म्हातारी आजी चालू शकत असेल, तर तिला आधी गाडीत बसवा. पाचव्या लेण्यातल्या त्या बाकापाशी बसायचा पहिला मान तिचा आहे.