ताबा फ्लॅटचा असतो, पोरांचा नाही!

परवाच्या शनिवारची गोष्ट. एक जुना मित्र त्याच्या लेकीला सोडायला निघाला होता, मीही गाडीत होते. लेक सात वर्षांची. सारसबाग झाली, गणपती झाला, भेळ झाली, वर पाणीपुरीही झाली. पोरगी सॉलिड खूश! पण आईच्या सोसायटीचं गेट दिसलं आणि ती एकदम गप्प झाली. मग हळूच विचारते कशी, ‘‘बाबा, आज मज्जा आली हे आईला सांगू की नको?’’

मित्र गप्प. मीही गप्प.

या दोघांचा डिव्होर्स होऊन दीड वर्ष झालं. एकदम ‘शांततेत’ झालेला, बरं का! फर्निचर, गाडी, ईएमआय, सगळ्याची वाटणी झाली. फक्त दोन घरांमध्ये काय बोलायचं आणि काय लपवायचं, हे टेन्शन त्या सात वर्षांच्या पोरीच्या वाट्याला आलं.

कोर्टाच्या भाषेत याला मुलाचा ‘ताबा’ म्हणतात. बिल्डर फ्लॅटची चावी देतो तेव्हाही हाच शब्द. घोळ इथेच सुरू होतो. ताबा म्हटलं की एक जिंकला, एक हरला. मग जिंकणारा भेटीचे तास मोजून देतो आणि हरणारा त्या तासांत गिफ्ट्सचा पाऊस पाडतो.

कायदा मात्र असा विचार करत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा घ्या किंवा हिंदूंसाठीचा १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा, निर्णय करताना बघायचं ते मुलाचं हित. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ चा कायदा म्हणतो. पण म्हणून पाचव्या वाढदिवसाला ते आपोआप बाबाकडे जात नाही. आणि एकदा निकाल लागला म्हणजे दगडावरची रेघ, असंही नाही. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलून मागता येतो.

२०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायला हवं. एक पालक लांब राहत असेल तर व्हिडिओ कॉलवर तरी भेट व्हावी. म्हणजे दोघांनी मिळून पोर वाढवणं हे काही परदेशी फॅड राहिलेलं नाही.

मग अडतं कुठे? आपण संमतीने घटस्फोट घेताना पोटगीचा आकडा पै-पैपर्यंत लिहितो आणि मुलाच्या बाबतीत ‘सोयीनुसार भेट’ एवढंच लिहून मोकळे होतो. पण सोय कुणाची? त्यापेक्षा सगळं स्पष्ट लिहा ना! कुठला शनिवार, कुणी कुठून न्यायचं, किती वाजता परत आणायचं. गणपतीत कुठे, दिवाळीच्या सुट्टीत किती दिवस कुणाकडे. शाळेच्या पालकसभेला कोण, आजारपणात फोन कुणी करायचा, पासपोर्टवर सह्या कशा. वकिलाला म्हणावं, हेही टाका.

काही गोष्टी मात्र कुठल्याच कागदावर येत नाहीत. ‘तुझ्या बाबाला सांग फी भरायला’ हा निरोप पोराच्या हाती द्यायचा नाही. फीचा मेसेज थेट एकमेकांना करा. पोर परत आल्यावर ‘कोण आलं होतं? काय म्हणत होती?’ ही सीबीआय चौकशी नको. आणि आजीलाही एकदा प्रेमाने सांगा, की ‘आली का बापाकडून उंडारून?’ हे वाक्य गमतीतसुद्धा नको. मूल अर्धं त्या माणसाचंही आहे. त्याला शिवी दिली की अर्धी पोराला लागते.

हो, जिथे मारहाण होती, जिथे जिवाची भीती आहे, तिथे हा समजूतदारपणाचा फंडा चालत नाही. तिथे आधी सुरक्षितता. भेट द्यायचीच असेल तर कोर्टाच्या देखरेखीखाली मागता येते. पण आपल्या ओळखीतले कितीतरी डिव्होर्स तसले नसतात. तिथे असतो फक्त इगो आणि जुना हिशेब.

त्या संध्याकाळी मित्राने लेकीला एवढंच सांगितलं, ‘‘सगळं सांग आईला.’’ ती पळाली. तो बराच वेळ गाडी सुरू न करता बसला आणि मग त्याने एक्सला व्हॉट्सअ‍ॅप केलं. कामाव्यतिरिक्तचा, दीड वर्षातला पहिलाच मेसेज. ‘आज बाहेरचं जरा जास्त खाल्लंय तिने. रात्री हलकं दे. मजा आली तिला, तुला सांगायचंय.’

पाच मिनिटांनी उत्तर आलं. ‘ओके. सांगतेय. आत्ता पाणीपुरीपर्यंत आलीये.’